मापाची वही

दांडिया बझारात, तीन पायऱ्या उतरून डावीकडे,
जिथे माझं मशीन भिंतीकडे तोंड करून बसतं,
तो आला पितृपक्षात, भर दुपारी.
नाव विचारलं. म्हणाला, बाबाजिदे.
मला ऐकू आलं, बाबाजी, दे.
मी म्हटलं, काय देऊ?

अर्थ त्यानं नंतर सांगितला, स्टुलावर बसून:
बाप आला.
आजोबा गेले त्याच साली हा जन्मला.

फतेगंजात राहतो, फार्मसी शिकतो.
पिशवीतून काढलं एकेक:
निळीत बुडून बुडून काळा पडलेला आजोबांचा झगा,
कसरीनं खाल्लेली मखमल,
आईनं पाठवलेली छापील तुकड्यांची चळत,
आणि मंगळ बजारातलं लाल साटीन.
त्याची कड दातेरी काप, म्हणाला, करवतीसारखी.

मी टेप काढली. छाती? उंची?
माप नाही.
मग कुणासाठी?
गेलेल्यांसाठी.

माझे बाबा नाटकवाल्यांचे शिंपी.
मिशीवाल्या बाप्याला चोळी अशी बसवायचे
की पहिल्या रांगेतल्या बायका आपला पदर सावरायच्या.
पण तिथे तोंड उघडं.
कितीही रंग थापा, टाळी त्या माणसालाच मिळायची.
इथे हात शिवून बंद,
पाय शिवून बंद,
डोळ्यांच्या जागी विणलेली जाळी.
मी तिच्यातून पाहिलं. दुकान दिसलं
बारीक चौकोनांत: इस्त्री, कॅलेंडर,
सेव-उसळीचा रिकामा डबा.

एखादं बोट दिसलं तर?
तर नुसता माणूस उरेल, म्हणाला.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही,
असं आमच्यात म्हणतात.
पण हे सोंग नव्हतं बहुतेक.
सोंगाच्या आत कुणीतरी लागतं.

अकरा दिवस. सत्तावीस पट्ट्या,
एकीवर एक, खालून मोकळ्या.
सुई दोनदा तुटली ती आजोबांच्या शिवणीतच.
कुण्या लांबच्या शिंप्याचा हात,
टाका उजवीकडे कललेला.
तेवढा मी उसवला नाही.

न्यायला आला तेव्हा चाचरत म्हणाला,
आमच्याकडे बायकांनी याच्या आत बघायचं नसतं.
मी दोरा दातानं तोडला.
मग आता?
त्यानं बराच विचार केला.
शिवलं म्हणजे बघितलं असं नाही, मासी.

तोवर मी आतून, काखेपाशी,
बाबांच्या ट्रंकेतली हिरवी जर
बोटभर लावून मोकळी झाले होते.
ते सांगितलं नाही.

रविवारी, बंगल्यामागच्या प्लॉटवर,
चौकीदारानं आपली सायकल आत ओढून घेतली.
ढोल गरब्यासाठी भाड्यानं आलेला,
त्याला हा ताल नवा होता, दोनदा चुकला.
आणि ते आलं.
ते म्हणते,
कारण बाबाजिदे फुटबॉलपासून डावा पाय ओढतो,
ते ओढत नव्हतं.
गिरकी घेतली, पट्ट्या उठल्या सगळ्या,
छत्री उलटावी तशा,
आणि वारा आला फाटकापर्यंत,
डांबरगोळ्यांच्या वासाचा.
तो अंगावर घ्यायचा असतो, शेजारची मुलगी म्हणाली.
मी पदर पसरला नाही.
जागची हललेही नाही.
हिरवं कुठे दिसतंय का बघत होते,
मग तेही राहून गेलं.

बाबाजिदे कुठाय, विचारलं पोरांना.
लायब्ररीत, म्हणाली सगळी एका तोंडानं.

सोमवारी आला पैसे द्यायला, पाय ओढत.
कसं झालं म्हणे काल? मी नव्हतो ना.
हो, म्हटलं, कळलं मला.
वही उघडली.
नावाच्या जागी त्याचं नाव घातलं.
छाती, कंबर, उंची,
तिन्ही रकान्यांत आडवी रेघ.
पेन जरा जोरात दाबलं गेलं असावं,
खालच्या कोऱ्या पावतीवरही
वळ उठलेत.